सिस्टर दगडाची नसते : आयसीयूतील मृत्यू आणि परिचारिकेचे मन



काही दिवसांपूर्वी घाटकोपर पूर्वेच्या एका वस्तीत पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. वंदना झाली, आदरांजलीची भाषणे झाली. नंतर चहा घेताना कालकथित गृहस्थांचा मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. आमच्यापैकी दोघी अतिदक्षता विभागात नोकरी करतात हे त्याला माहीत होते. तो म्हणाला, "ताई, वडील नऊ दिवस आयसीयूत होते. शेवटच्या दिवशी मशीनवरची रेघ सरळ झाली. ती सिस्टर साधी रडलीसुद्धा नाही. नळ्या काढल्या, कागदावर सह्या घेतल्या आणि बाजूच्या बेडकडे निघून गेली. एवढं दगडाचं काळीज कसं होतं हो तुमच्या लोकांचं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. दुःखाच्या घरी वाद घालायचा नसतो. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "माझी पोरगी पण सिस्टर आहे. पेशंट गेला की घरी येऊन दोन दोन दिवस कोणाशी बोलत नाही. ताट समोर ठेवलं तर तसंच उठते."

त्या मुलाचा राग खरा होता आणि मावशींची काळजीही खरी होती. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या आपल्या वस्त्यांतून कितीतरी मुली एएनएम, जीएनएम शिकून परिचारिका झाल्या आहेत. काही मुलगेही ब्रदर म्हणून काम करतात. दुसरीकडे राजावाडी, कूपर, मुलुंडचे अगरवाल, बोरिवलीचे भगवती किंवा कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणजे आपण शताब्दी म्हणतो ते रुग्णालय, यांची पायरी चढली नाही असे घर आपल्यात सापडणे कठीण. म्हणजे खाटेच्या एका बाजूला आपला माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला पुष्कळदा आपलीच लेक. त्या लेकीच्या मनात रुग्णाच्या मृत्यूनंतर काय चालते आणि ती त्यातून कशी सावरते, हे या वेळी आरोग्याच्या पानावर समजून घेऊ.

आयसीयूत नाते कसे जुळते

साध्या वॉर्डात एक सिस्टर अनेक रुग्णांकडे पाहते. आयसीयूत ती पूर्ण ड्युटीभर एका किंवा दोन रुग्णांजवळ असते. दर तासाला नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन आणि लघवीचे प्रमाण लिहायचे. छातीतला कफ मशीनने ओढून काढायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. तोंड पुसायचे, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून औषध घालायचे. पंपातून थेंबाथेंबाने जाणाऱ्या औषधावर नजर ठेवायची.

रुग्ण बेशुद्ध असला तरी चांगली सिस्टर त्याच्याशी बोलते. "काका, आता कूस बदलते हं," असे सांगूनच हात लावते. त्याची मुलगी रोज किती वाजता येते, बायको दाराच्या काचेतून कशी पाहते, नातवाचा फोटो उशाजवळ कोणी ठेवला, हे सगळे तिला माहीत असते. आठ-दहा दिवसांत त्या शरीराची तिला इतकी ओळख होते, जितकी घरच्यांनाही कधी झालेली नसते. रक्ताचे नसले तरी हेही नातेच आहे.

मग एका रात्री मॉनिटर ओरडतो. हृदय थांबते. सिस्टर धावते आणि छातीवर दाब द्यायला लागते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल इतक्या जोराने. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून माणसे आळीपाळीने दाब देतात. कधी हाताखाली बरगडी मोडल्याचे कळते. तरीही थांबता येत नाही. सिनेमात असा माणूस डोळे उघडून उठून बसतो. प्रत्यक्षात रुग्णालयातसुद्धा छातीवर दाब द्यावा लागलेल्यांपैकी बहुतेक रुग्ण घरी परत जात नाहीत. हे घरच्यांना कोणी आधी सांगितलेले नसते. त्यामुळे "तुम्ही काही केलंच नाही" हा आरोप होतो. ज्या सिस्टरचे खांदे दुखत असतात, तीच तो आरोप ऐकून घेते.

रेघ सरळ झाल्यानंतर

डॉक्टर मृत्यू जाहीर करतात. त्यानंतरचे बरेचसे काम परिचारिकेचे असते. पोलीस केस नसेल तर नळ्या काढायच्या. अंग स्वच्छ पुसायचे, डोळे मिटवायचे, हनुवटी बांधायची, पायाचे अंगठे बांधायचे, नावाची चिठ्ठी लावायची, चादरीत गुंडाळायचे. अंगठी, मंगळसूत्र, मोबाईल, चष्मा, कवळी मोजून नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचे आणि सही घ्यायची. मिनिटामिनिटाची नोंद फायलीत पूर्ण करायची. त्या मुलाला निर्दयपणाच्या वाटलेल्या सह्या याच. त्या घेतल्या नाहीत तर दाखल्यापासून अंत्ययात्रेपर्यंत सगळे अडते.

बाजूच्या बेडवर दुसऱ्या कोणाचे तरी वडील असतात. त्यांचा मुलगा काचेतून सिस्टरचा चेहरा वाचत असतो. ती रडत त्याच्यासमोर आली, तर आपल्या वडिलांचेही काही खरे नाही असे त्याला वाटेल. शिवाय त्या दुसऱ्या रुग्णाच्या औषधाची वेळ झालेली असते. डोळ्यांत पाणी असताना औषधाची मात्रा चुकू शकते. म्हणून ती रडणे मागे ढकलते. तासाभरात खाट धुऊन, पुसून नवा रुग्ण तिथे येतो.

आतून एक आणि चेहऱ्यावर दुसरे ठेवण्यालाही कष्ट पडतात. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातील हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून त्याला भावनांचे श्रम असे नाव दिले. श्रमाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. पण या श्रमाची नोंद कोणत्याही पगारपत्रकात नसते, आणि तो झाला हे पुष्कळदा करणारीच्याही लक्षात येत नाही. अंग दुखते ते कळते, मन कशाने जड झाले ते कळत नाही.

दुःखाचा हक्क कोणाला?

आपल्या घरचा माणूस गेला की वस्ती धावून येते. कोणी मांडव घालतो, कोणी चहाचे पाहतो. जलदान विधी होतो, पुण्यानुमोदन होते. कामावरून सुट्टी मिळते. चार लोक जवळ बसून गेलेल्या माणसाविषयी बोलतात. यातूनच घर हळूहळू सावरते.

परिचारिकेला यातले काहीच नाही. ती नातेवाईक नाही, म्हणून तिला सुट्टी नाही. तिचे सांत्वन करायला कोणी येत नाही. घरी सांगितले तर उत्तर मिळते, "तुझं तर रोजचंच आहे." अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाविषयी मांडणी केली. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, जे उघड व्यक्त करायला जागा नाही, ते लवकर विरत नाही. ते आत साचते. आपण त्याला हक्क नाकारलेले दुःख म्हणू.

याचे आपल्या मुंबईतील सर्वात मोठे उदाहरण परळच्या केईएम रुग्णालयातील आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच एका कर्मचाऱ्याने अमानुष अत्याचार केला. मेंदूला कायमची इजा झाली. पुढची जवळजवळ ४२ वर्षे त्या खाटेवर होत्या. त्या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण प्रत्येक पिढीने त्यांना भरवले, आंघोळ घातली, कूस बदलली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दयामरणाचा अर्ज फेटाळला, तेव्हा त्यांची काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांची इच्छा न्यायालयाने महत्त्वाची मानली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्या दिवशी शोक करणाऱ्या अनेक परिचारिकांनी अरुणा यांना चालता-बोलता कधी पाहिलेही नव्हते. तरी आपल्या घरचे माणूस गेल्याचे दुःख त्यांना झाले, आणि त्या वेळी साऱ्या शहराने ते दुःख मानले.

पण असे मान्यतेचे दुःख एखादेच. कोरोनाच्या काळात काय झाले ते आठवा. अंधेरीत मरोळचे सेव्हन हिल्स, मुलुंड आणि दहिसरची जम्बो सेंटर, गोरेगावचे नेस्को, सगळीकडे खाटा भरलेल्या होत्या. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. पीपीई किट घालून, घामाने निथळत, सिस्टर रुग्णाच्या तोंडासमोर मोबाईल धरत आणि घरचे व्हिडिओ कॉलवर शेवटचे बोलत. अनेकांच्या शेवटच्या क्षणी हात धरायला फक्त परिचारिका होती. लोकांनी थाळ्या वाजवल्या, फुले उधळली. पण त्या मृत्यूंचे पुढे काय झाले, रात्री झोप लागते का, हे त्यांना फारच थोड्यांनी विचारले.

दुःखाहून टोचणी वाईट

आयसीयूत काम करणाऱ्यांना प्रत्येक मृत्यू सारखाच लागत नाही. वयोवृद्ध माणूस, घरचे सगळे भेटून गेलेले, वेदना आटोक्यात असलेल्या, असा मृत्यू दुःख देतो पण सहन होतो. लहान मूल, बाळंतीण, स्वतःच्या मुलाच्या वयाचा तरुण किंवा आपल्याच वस्तीतला चेहरा असला की तो मृत्यू घरापर्यंत पाठलाग करतो.

सर्वात जास्त टोचतो तो ज्यात "आणखी काही करता आलं असतं" असे वाटत राहते. योग्य काय ते कळते पण करता येत नाही, या यातनेला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली परिचारिकांविषयी लिहिताना नैतिक यातना म्हटले. याची रूपे आपल्याला चांगली माहीत आहेत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात एकीकडे दोन, कधी तीन रुग्ण असतात. एकाकडे धावावे तर दुसरा मागे राहतो. कधी घरच्यांचे पैसे संपतात आणि ते खाजगी रुग्णालयातून रुग्णाला हलवतात. कधी बरे होण्याची आशा उरलेली नसते, तरी शरीराला सुया आणि नळ्या टोचत राहाव्या लागतात, कारण घरच्यांशी स्पष्ट बोलायला कोणी बसलेले नसते. यातला एकही निर्णय सिस्टरचा नसतो. पण हात तिचा असतो, म्हणून टोचणीही तिच्या वाट्याला येते.

इथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट सांगायची आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीमाई दवाखान्यात गेल्या. त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्या त्यागापुढे आपण नतमस्तक आहोत. पण त्यागाचे नाव घेऊन कोणी परिचारिकेची रिकामी पदे भरणे टाळत असेल, तिला सलग ड्युट्या लावत असेल, तर ते आपण मान्य करू नये. त्याग स्वतःहून केला जातो, तो कोणाकडून वसूल करायचा नसतो.

त्या स्वतःला कशा सावरतात

आम्ही अनेक वर्षे स्वतःच्या आणि मैत्रिणींच्या अनुभवातून जे पाहिले, त्यात काही मार्ग तारणारे आहेत, काही बुडवणारे.

पहिला आधार कामाचाच. मृतदेह स्वच्छ करताना अनेक सिस्टर त्या माणसाला नावाने हाक मारतात, "काका, आता झालं, आता त्रास नाही," असे म्हणतात. केस विंचरतात, चादर नीट करतात. बाहेरून ते यांत्रिक दिसते, पण तोच तिचा निरोप असतो. जिला घाईघाईत हे करता आले नाही, तिला तो मृत्यू जास्त काळ छळतो.

दुसरा आधार सोबतीणींचा. कपडे बदलायच्या खोलीत, चहाच्या कपाबरोबर, पहाटेच्या लोकलमध्ये, "अगं, तुझा सात नंबर गेला ना?" एवढा एक प्रश्न पुरतो. कधी त्या मृत्यूविषयीच थट्टा करतात. बाहेरच्याला ते क्रूर वाटेल, पण वाफ बाहेर टाकायची ती एक रीत आहे.

तिसरा, थोडे थांबणे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने एक साधी पद्धत सुरू केली. मृत्यू जाहीर झाल्यावर खाटेभोवतीचे सर्वजण मिनिटभर शांत उभे राहतात. हा कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई होती हे मनात आणतात, आणि एकमेकांच्या प्रयत्नांची दखल घेऊन मग कामाला लागतात. ती पद्धत पुढे इतर ठिकाणीही पसरली. याला पैसा लागत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही आयसीयूत हे करता येईल.

चौथा, लिहिणे. बाबासाहेबांनी आणि रमाईंनी पाचपैकी चार अपत्ये गमावली. १९२६ साली लाडका राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहून मनातला आकांत मोकळा केला. बाबासाहेबांसारख्या खंबीर माणसाने दुःख लपवले नाही. मग आपल्या मुलीने ते का लपवावे? वहीत चार ओळी, रुग्णाचे नाव न लिहिता, लिहिल्या तरी मन हलके होते.

आता बुडवणारे मार्ग. रुग्णाचे नावच ठेवायचे नाही, फक्त बेड नंबर लक्षात ठेवायचा. काही दिवस हे उपयोगी पडते, पण सवय झाली की घरच्या माणसांबाबतही मन बधिर होते. लागोपाठ जादा ड्युट्या घेऊन विचारच टाळायचा. स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या घ्यायच्या. आणि सर्वात जास्त आढळणारा मार्ग म्हणजे "मला काही होत नाही" असे म्हणत राहायचे.

उपेक्खा म्हणजे उपेक्षा नव्हे

तथागतांची एक गोष्ट विनयपिटकातील महावग्गात आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून नीट निजवले. मग भिक्खूंना एकत्र करून एकमेकांची शुश्रूषा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. तिथेच चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. औषध देता यावे, मलमूत्राची किळस नसावी, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. त्याच ठिकाणी रुग्णाचे दोषही सांगितले आहेत. औषध न घेणे, दुखणे खरे न सांगणे, पथ्य न पाळणे. म्हणजे जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे.

धम्मातील मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्खा यांपैकी शेवटचा शब्द मराठीत आला की घोटाळा होतो. आपल्याला उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष असे वाटते. धम्मातील उपेक्खा म्हणजे मनाचा तोल. समोर दुःख आहे हे पूर्ण दिसते आहे, करुणाही आहे, पण आपण वाहून जात नाही. आयसीयूतल्या सिस्टरचा कोरडा चेहरा पुष्कळदा हा तोल असतो. पण तोल राखायलाही बळ लागते. करुणेला विश्रांती मिळाली नाही तर तोल जाऊन खरोखरची बेफिकिरी येते. तेव्हा ती दोषी नसते, थकलेली असते.

किसा गोतमीची कथा आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहे. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे भगवंतांनी तिला सांगितले. आपण या कथेतून अनित्यता शिकतो. आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती दारोदार गेली, तेव्हा प्रत्येक घराने तिला आपल्या गेलेल्या माणसाविषयी सांगितले. तिचे दुःख इतरांच्या दुःखाशेजारी बसले, आणि मग तिला मूल खाली ठेवता आले. परिचारिकेला अनित्यता कोणी शिकवायला नको, ती रोज पाहते. तिला ते दारोदार बोलणेच मिळत नाही.

ड्युटी संपल्यावर पाच मिनिटे आनापान अनेकींना उपयोगी पडते. मात्र ताज्या धक्क्यानंतर डोळे मिटले की तेच दृश्य समोर येत असेल, तर डोळे उघडे ठेवावे, हातावर गार पाणी घ्यावे, चालावे, कोणाशी तरी बोलावे. ध्यान ही उपचाराची जागा घेत नाही.

थकवा पुढे चालला हे कसे ओळखावे

दुःख होणे हा आजार नाही. दोन-चार दिवस भूक कमी, झोप उडालेली, कानात मॉनिटरचा आवाज, हे होऊ शकते. पण पुढील गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त राहिल्या तर लक्ष द्यावे :

- ड्युटीला जायच्या आधी धडधड, पोटात गोळा किंवा रडू येणे.
- तेच दृश्य किंवा तेच स्वप्न वारंवार येणे.
- मुलांवर, नवऱ्यावर कारण नसताना ओरडणे, किंवा कशाचेच काही न वाटणे.
- कामात लहान चुका वाढणे, स्वतःला नालायक समजणे.
- झोपेसाठी गोळ्या, घरच्या ब्रदरच्या बाबतीत दारू, यांवर भिस्त वाढणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामातून येणाऱ्या अशा पूर्ण थकव्याची तीन लक्षणे नोंदवली. शक्ती संपणे, कामाविषयी कडवटपणा, आणि आपण निरुपयोगी झालो ही भावना. याचा संबंध संघटनेने कामाच्या जागेवरील न आवरलेल्या ताणाशी जोडला आहे. म्हणजे हा स्वभावाचा दोष नाही. उपाय ड्युटीच्या वेळापत्रकात, पुरेशा मनुष्यबळात आणि बोलायला मिळणाऱ्या जागेतही शोधावा लागतो.

टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येते. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. आपण जिथे काम करतो तिथेच जायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या रुग्णालयात जावे. जगण्यात अर्थ नाही, असे बोलणे कोणाच्याही तोंडून आले तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आपण काय करायचे

रुग्णालयात : आपल्या माणसाविषयी बोलायला घरातला एकच जण ठरवा आणि डॉक्टरांना रोज एकदा स्पष्ट विचारा, "सुधारणा आहे का? पुढे काय होऊ शकते?" आशा कमी असेल तर शेवटी जवळ बसू द्यावे अशी विनंती सिस्टरला आधीच करा. रुग्णाशी बोला, हात धरा. ऐकण्याची शक्ती पुष्कळदा शेवटपर्यंत राहते असे मानले जाते. हळू आवाजात त्रिशरण-पंचशील घ्यायचे असेल तर विचारा. जमण्यासारखे असेल तर बहुतेक सिस्टर वाट करून देतात. उपचारात चूक झाली असे वाटले तर कागदपत्रे मागा, लेखी तक्रार करा, तो आपला हक्क आहे. पण हात उगारू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि तो हात बहुतेक वेळा समोर सापडलेल्या परिचारिकेवर पडतो, जिच्या हाती निर्णयच नसतो.

घरी : परिचारिका ड्युटीवरून आली की लगेच स्वयंपाकाचे, पाहुण्यांचे काढू नका. "आज कसं होतं?" एवढे विचारा आणि ती बोलली तर मध्येच "सोड ना, विसरून जा" म्हणू नका. बोलली नाही तर गप्प जवळ बसा. रात्रपाळीनंतरची तिची दिवसाची झोप ही चैन नाही. नवऱ्याने, सासूने, मुलांनी त्या वेळी दार बंद ठेवून आवाज कमी करावा. यासारखे औषध नाही.

विहारात : २०२५ साली बुद्धपौर्णिमा आणि जागतिक परिचारिका दिन एकाच दिवशी, १२ मे रोजी आले होते. इतर वर्षीही हे दोन दिवस फार लांब नसतात. आमची सूचना अशी आहे की दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक विहाराने वस्तीतील परिचारिका, ब्रदर, आयाबाई, वॉर्डबॉय यांना एका संध्याकाळी बोलवावे. शाल-श्रीफळाचा सत्कार नको, पाहुण्यांची भाषणे नकोत. त्यांनी बोलावे आणि आपण ऐकावे. ज्यांची नावे सांगता येत नाहीत अशा, त्यांच्या हातांवर गेलेल्या माणसांसाठी दोन मिनिटे शांत उभे राहावे.

घाटकोपरच्या त्या मुलाला आम्ही पुन्हा भेटलो. वर लिहिलेले बरेचसे त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, त्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही. पण ती वडिलांना 'बाबा' म्हणायची." तो त्या वॉर्डात जाऊन तिला भेटणार आहे. आपणही आपल्या माणसाजवळ शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या सिस्टरला एकदा भेटून या. दोन शब्द पुरतात.

जयभीम.